उसनं कोकरू

ते सर्टिफिकेट अजून माझ्याकडे आहे. जाड पिवळसर कागद, कडेनं सोनेरी वेलबुट्टी, वर पृथ्वीचा गोल, आणि त्या गोलावर छापणाऱ्यानं भारत असा दाबून बसवलाय की श्रीलंका शोधूनही सापडत नाही. मध्ये वळणदार अक्षरात माझं नाव, खाली संचालकांची लांबलचक सही. नकाशाशास्त्राचं सर्टिफिकेट आणि त्याच्यावरचाच नकाशा चुकलेला, हे ते हातात पडलं त्या दिवशी मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी मान दुसरीकडे वळवली असती. त्या वयात मला कागदाची सोनेरी कड तेवढी दिसायची. पन्नाशी जवळ आल्यावर परवा ट्रंक आवरताना ते पुन्हा सापडलं. फेकून द्यावं म्हणून उचललं आणि परत ठेवलं. बत्तीस हजार पाचशे चव्वेचाळीस रुपयांचा कागद सहजासहजी फेकवत नाही.

आमचं घर हिंगोलीकडच्या पुसेगावच्या कडेला, काळी जमीन संपून बरड सुरू होतं तिथं. पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागे काट्याच्या कुंपणाचा मेंढवाडा. थोरल्या दोघी बहिणी नांदायला गेलेल्या, त्यामुळे घरात आबा, माय आणि मी अशी तीनच माणसं, आणि मेंढ्या चाळीसेक. माणसांपेक्षा मेंढ्यांचा आवाज जास्त. दिवसभर त्या आबांबरोबर रानात असायच्या आणि त्यांची लहान कोकरं घरी डालग्यांखाली, मोठ्या टोपल्यांखाली, झाकलेली. दिवस कलला की लांबून घंटा ऐकू यायची, आणि ती ऐकली की डालग्याखालची कोकरं जो गिल्ला करायची, त्यात चुलीपाशी बसलेल्या मायला हाक मारली तरी कळत नसे. मेंढ्यांचं खांड वाड्यात शिरलं की माय उठून डालगी उचलायची. मग पाच मिनिटं नुसता गोंधळ. चाळीस मेंढ्या ओरडताहेत, तितकीच कोकरं पायांतून धावताहेत, धूळ, लेंड्यांचा वास. आणि एकदम सगळं शांत व्हायचं. प्रत्येक कोकराला आपली आई सापडलेली असायची. शेपट्या हलताहेत आणि दूध ओढल्याचा आवाज येतोय, बाकी काही नाही. मग माय परत चुलीपाशी येऊन कण्या ढवळायची, अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी टाकायची, आणि मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा आबांपुढे ठेवायची.

हे सगळं आज मी इतक्या मायेनं लिहिते आहे, पण तेव्हा मला त्याची शिसारी होती. मी हिंगोलीला कॉलेजात जात होते, भूगोल घेऊन बी.ए. करत होते, आणि एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं नाकाला रुमाल लावला की तो माझ्याच ओढणीच्या वासामुळे लावला असं मला खात्रीनं वाटायचं. मी पावडरचा डबा महिन्यात संपवायची. माय म्हणायची, "वने, एवढं काहून फासतीस? मेंढ्या काय पावडर पाहून दूध देत न्हाईत." मी उत्तर द्यायची नाही. शिकलेल्या मुलीनं अडाणी आईशी काय बोलायचं, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्याला आज दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पुढचं समजायला आबांची एक रीत सांगायला हवी. खांडासाठी एडका, म्हणजे पैदाशीचा मेंढा घ्यायचा झाला, तर आबा एडक्याकडे फारसं पाहत नसत. विकणारा त्याची शिंगं, छाती, उंची दाखवत राही. आबा म्हणायचे, "मागच्या सालची त्याची कोकरं दावा." विकणारा एखाददुसरं ढाण्या अंगाचं कोकरू ओढून आणायचा. तेवढ्यानंही आबांचं भागत नसे, कारण बाजारात लबाड माणसं दुसऱ्याचं चांगलं कोकरू उसनं आणून आपल्या एडक्याशेजारी बांधतात. म्हणून आबा विकणाऱ्याच्या घरी जायचे, त्याची मेंढरं रानातून येईपर्यंत ओट्यावर बसायचे, आणि ते कोकरू मोकळं सोडायला सांगायचे. सोडलेलं कोकरू त्या खांडातल्या मेंढीखाली शिरलं तर ते त्याच घरचं. नुसतंच ओरडत हिंडायला लागलं तर उसनं. मग आबा टोपी झटकून उठायचे. असे ते दोन दोन गावं पालथी घालून रिकाम्या हातानं परत आलेले मी पाहिलेत. मला तो वेडेपणा वाटायचा.

माझं बी.ए. झालं तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्याला त्याला वाटत होतं की आता आपल्या दारातून नोकऱ्यांची रांग जाणार. या वाऱ्यावर एका गृहस्थांनी हळदीच्या बाजाराजवळ, एका दुकानाच्या माडीवर संस्था काढली होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, त्यात देव, देश आणि कॉम्प्युटर असं तिन्ही होतं. भिंतीवर रंगवलेलं, 'नवा जिल्हा, नवे नकाशे, हजारो संधी!' नऊ महिन्यांचा भूगोल आणि नकाशाचा कोर्स, फी बावीस हजार, नोकरीला सुरुवात सहा हजारांपासून. ही जाहिरात वाचून माझं डोकं फिरलं. नवा जिल्हा झाला म्हणजे कुणीतरी सगळे नकाशे पुन्हा काढायला बसणार, आणि त्यासाठी त्यांना पुसेगावची वनिता लागणार, हे मला अगदी सरळ वाटलं. जिल्हा नवा झाला तरी जमीन जुनीच असते, एवढंसुद्धा भूगोल शिकलेल्या मला सुचलं नाही.

बँक असल्या कोर्सला कर्ज देत नव्हती. हाच खरं तर पहिला इशारा होता, पण मी बँकेलाच मूर्ख ठरवून मोकळी झाले. पतसंस्था द्यायला तयार होती. बावीस हजार, तीन वर्षं, पूर्ण रकमेवर व्याज, हप्ता नऊशे चार रुपये आणि तो पुढच्याच महिन्यापासून सुरू. जामीनदार लागत होता. वीस वर्षं आमची कोकरं विकत घेणारे हिंगोलीचे करीमभाई जामीन राहायला आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी हप्त्याचा आकडा ऐकला आणि बोटांवर मोजत म्हणाले, "आबा, पोरगी शिकते तर शिकू द्या. मगर हिशेब बराबर करा. नऊशे चार म्हणजे म्हैन्याला एक कोकरू माझ्याकडं. तीन सालात छत्तीस कोकरं. तुमची लेक छत्तीस कोकरांची हाय का न्हाई, तुमी बघा."

आबा म्हणाले, "लेक हाय. तो कोर्स हाय का, ते बघाया पायजे."

"कसं बघणार, आबा?"

"मागच्या सालची पोरं बघतो की."

माय चहा गाळता गाळता हसली. करीमभाईही हसले. मी मात्र आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आपला बाप आता कॉम्प्युटरच्या संस्थेत जाऊन कोकरं मागणार, या कल्पनेनंच माझे कान तापले होते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. माडीचा जिना चढतानाच सूचना होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. देवळात नाही एवढं पावित्र्य त्या खोलीत होतं. आठ कॉम्प्युटर, प्रत्येकावर लेस लावलेलं कापड. कोपऱ्यात एसीचा डबा, त्याची वायर कुठेच जात नव्हती. जनरेटर तेवढा खाली धडधडत होता. तो फक्त रविवारी, पालक यायचे त्या दिवशी चालवतात, हे मला प्रवेश घेतल्यावर कळलं. संचालक कोट घालून बसले होते. हिंगोलीच्या उन्हाळ्यात कोट घालणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, एवढं ज्ञान मी आज कुणालाही फुकट देईन. त्यांनी आबांना खुर्ची दिली, "काका, काका" केलं, सॅटेलाइट, रिमोट सेन्सिंग, हैदराबाद असे शब्द त्यांच्या अंगावर फेकले. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला एकच प्रश्न विचारला.

"मागच्या सालची पोरं कुठं हायती?"

संचालकांनी जणू याचीच वाट पाहत असल्यासारखी टाळी वाजवली. आतल्या खोलीतून एक पोरगा आला. पांढरा शर्ट, निळा टाय, पायात पॉलिश केलेले बूट. पादत्राणांचा नियम त्याला नव्हता. "हा आमच्या आधीच्या बॅचचा. आज कंपनीत आहे. महिना साडेसहा हजार," संचालक म्हणाले. पोरगा हसला. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी बाजारात पाहतात तसं.

"हापिस कुठं हाय तुजं?"

"जवळच, काका. स्टेशनाकडं."

"मंग चल की. बघून यिऊ. आमच्या गाडीला टाइम हाय."

पोरग्यानं संचालकांकडे पाहिलं, संचालकांनी घड्याळाकडे. तेवढ्यात मी आबांची बाही ओढली आणि दात खाऊन म्हणाले, "आबा, गप बसा. माणसं हायती ती, मेंढ्या न्हाईत." हळू बोलायचं ठरवलं होतं, पण खोलीभर ऐकू गेलं. संचालक मोठ्यानं हसले. टायवाला हसला. आबाही हसले, आणि टेबलावरचा पेन उचलून त्यांनी फॉर्मवर आपली तीन अक्षरांची सही केली. परतीच्या गाडीआधी त्यांनी मला स्टँडवर भज्यांचा पुडा घेऊन दिला. स्वतः एकही खाल्लं नाही. त्यानंतर या विषयावर त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, आणि तेच मला आजवर सलत आलंय.

कोर्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिले तीन महिने अक्षांश, रेखांश, प्रमाण, जे मी बी.ए.ला घोकून पास झाले होते. पुढचे तीन महिने कॉम्प्युटर चालू आणि बंद कसा करायचा, त्यातलं 'बंद' वीज मंडळच आम्हाला दिवसातून दोनदा शिकवायचं. खाली हळदीचं मशीन सुरू झालं की पिवळी धूळ खिडकीतून येऊन लेसच्या कापडांवर बसायची आणि आम्ही वीस जण शिंकत राहायचो. शेवटचे तीन महिने जुने गावनकाशे पडद्यावर घेऊन त्यांच्या रेषांवरून माउसनं रेषा ओढायच्या. इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. एक दिवस पडद्यावर पुसेगावचा नकाशा आला. गावाची शीव, ओढा, आणि कडेला आमचं बरड, गट नंबर घातलेला एक वेडावाकडा तुकडा. आबा वर्षानुवर्षं पायांनी तुडवत आले तो उतार, तिथली बाभळ, पाण्याचं डबकं, सगळं मला त्या कोऱ्या चौकटीत दिसायला लागलं. तो आनंद खोटा नव्हता. म्हणून तर त्या कोटवाल्याचा राग जास्त येतो. त्यानं मला निव्वळ बिनकामाची वस्तू विकली असती तर मी केव्हाच विसरले असते.

त्या नऊ महिन्यांत नऊ कोकरं गेली. दर महिन्याला करीमभाईंचा माणूस यायचा, आबा एक नर कोकरू धरून त्याच्या हातात द्यायचे, आणि हप्त्याचे पैसे पतसंस्थेत जायचे. कोकरं आम्ही पूर्वीही विकायचोच. पण पूर्वी त्या पैशांतून पत्रा यायचा, मायला लुगडं यायचं, पेंड यायची. कोकरू गेलेल्या संध्याकाळी डालगी उचलली की चाळीस मेंढ्यांतली एक ओरडतच राहायची. ती प्रत्येक कोकराला हुंगायची, शिंगानं बाजूला सारायची आणि पुन्हा ओरडायची. दोन दिवस हे चालायचं. माय म्हणायची, "घ्या, वनीचा हप्ता वरडून राहिला." ती हे चेष्टेनं म्हणायची, आणि मी ताटावरून उठून जायची.

कोर्स संपला. साडेसहा हजारांची कंपनी कुठेच नव्हती. संचालकांनीच कुठूनसं नकाशांचं काम आणलं होतं, ते त्यांनी आम्हाला त्याच माडीवर, त्याच कॉम्प्युटरांवर दिलं. एका गटाला, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याला, पन्नास पैसे. वीज राहिली तर दिवसाला सत्तर गट व्हायचे, म्हणजे पस्तीस रुपये. विद्यार्थ्याचा पास संपला होता, त्यामुळे एस.टी.चं जाऊन-येऊन भाडं चोवीस. राहिले अकरा. पंचवीस दिवस भरले तर महिन्याला दोनशे पंच्याहत्तर, आणि हप्ता नऊशे चार. हे गणित मी रोज गाडीत करायची, जणू आज ते वेगळं येईल. शेजारची शेतमजूर बाई हळदीच्या काढणीला जाऊन माझ्या तिप्पट कमवत होती. तिच्या अंगाला मातीचा वास यायचा म्हणून मी खिडकीकडे सरकून बसायची. दिवसाला अकरा कोरडे रुपये कमवणारी नकाशाशास्त्रज्ञ!

एक दिवस सर्टिफिकेटच्या प्रती काढायला कचेऱ्यांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मशीनमागे तोच टायवाला उभा होता. टाय नव्हता, बूट नव्हते, बोटं शाईनं काळी. त्यानंही मला ओळखलं. तोच आधी म्हणाला, "ताई, रागवू नका. रविवारचे दोनशे देत होते. इथं आठवड्याचे अडीचशे भेटतात." मग प्रती माझ्या हातात देऊन म्हणाला, "मी आता पुण्याला चाललोय. सरांना नवीन मानूस पायजे. तुमाला विचारतील बघा." एका प्रतीचा रुपया त्यानं माझ्याकडून घेतला नाही.

संचालकांनी विचारलंच. "मॅडम," म्हणाले, कालपर्यंत मी 'ए पुसेगाव' होते, "रविवारी दोन तास यायचं. चांगला ड्रेस घालायचा. सांगायचं की आपण सेटल आहोत. बस." यावर मी थुंकून निघून आले असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी गणित केलं. चार रविवारांचे आठशे, भाडं वजा जाता सातशे चार. त्यात दोनशे पंच्याहत्तर मिळवले की नऊशे एकोणऐंशी. हप्ता जाऊन पंच्याहत्तर रुपये हातात. बी.ए. आणि नकाशांचा कोर्स करून माझा पहिला हिशेब जमला तो असा. मी हो म्हणाले.

पाच रविवार मी त्या खोलीत बूट घालून उभी राहिले. साडेसहा हजार, जवळच ऑफिस, स्टेशनाकडं. शेतकरी येत, किराणावाले येत, एक शिंपी आला होता, आपल्या पोरींना पोरांना घेऊन. माझ्याकडे पाहून त्यांचे चेहरे उजळायचे. त्या पाच रविवारांत सात जणांनी सह्या केल्या. त्यातली एक बाई आजही बाजारात दिसते आणि मी रस्ता बदलते. घरी मी सांगितलं की मला रविवारचं जादा काम मिळालंय. त्या महिन्यात करीमभाईंचा माणूस आला तेव्हा मी आबांच्या हातावर नऊशे चार रुपये मोजले, आणि आबांनी धरलेलं कोकरू सोडून दिलं. पांढऱ्या कपाळाचं होतं ते. उड्या मारत आपल्या आईकडे पळालं. आबा माझ्याकडे बघून इतके मोकळे हसले की मायनं त्या दिवशी गोड शिरा केला. तो शिरा मी दोनदा मागून घेतला. निर्लज्जपणालासुद्धा भूक लागते.

सहाव्या रविवारी वारंगा फाट्याहून एक चाचा आले. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. हातांच्या रेषांत काळं वंगण मुरलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. बरोबर मुलगी, माझ्याच उंचीची, हातात कॉलेजची फाईल घट्ट धरलेली. संचालकांनी सॅटेलाइटपासून हैदराबादपर्यंतचा प्रवास केला, टाळी वाजवली आणि मी आतल्या खोलीतून बाहेर आले. माझं पाठ झालेलं मी म्हणून टाकलं. मुलीचे डोळे चमकले. चाचांनी शांतपणे विचारलं, "बेटी, दफ्तर कुठं हाय तुमचं?"

"जवळच. स्टेशनाकडं."

"मग चला, बघून यिऊ. आमच्या गाडीला टाइम हाय."

मला जिन्याखालच्या जनरेटरचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. संचालक घाईनं म्हणाले, "चाचा, आज संडे. ऑफिस बंद असतं."

"बंद असू द्या की साहेब. कुलूप तर दिसंल," चाचा हसून म्हणाले. "पंक्चरवाला मानूस हाय मी. ट्यूब पाण्यात धरल्याबिगर माझं समाधान न्हाई व्हत."

मुलगी त्यांची बाही ओढून कुजबुजली, "अब्बा, चुप बैठो ना."

ती बाही ओढलेली मी पाहिली आणि मला पुढं काही ऐकू आलं नाही. संचालक डोळ्यांनी खुणावत होते. स्टेशनाच्या वाटेवर एका बंद शटरवर कसल्याशा कंपनीची पाटी होती, अडचण आली तर ती दाखवायची असं आमचं आधीच ठरलेलं होतं. मी जिना उतरले. चाचा आणि मुलगी मागे. बाजार रविवारचा निम्मा बंद होता, रस्त्यावर हळदीची पोती रचलेली होती. त्या शटरपाशी मी आले. हात वर करून 'हे' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही आणि थांबलेही नाही. चालत राहिले, आणि कुठे चालले आहे ते मला स्टँडात शिरेपर्यंत कळलं नाही. पुसेगावची गाडी लागलेली होती. मी तिच्या दारापाशी जाऊन उभी राहिले.

चाचांनी गाडीची पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे दफ्तर?"

"मला दफ्तर न्हाई, चाचा," मी म्हणाले. "मी घरी चाललेय. पैसे भरू नका."

"शुक्रिया, बेटी," चाचा म्हणाले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. पण मुलगी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आभार वगैरे काही नव्हतं. मी तिच्या तोंडचा घास काढून घेतलाय, मी मत्सरी आहे, नालायक आहे, असं ते बघणं होतं. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. माझ्या बापाकडे मी त्या माडीवर तसंच पाहिलं होतं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. घंटा ऐकू येत होती. मायच्या आधी मीच वाड्यात गेले आणि डालगी उचलली. गोंधळ झाला, धूळ उडाली, मग शांत झालं. आबा दाराशी काठी टेकून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. टायवाल्याचं, झेरॉक्सचं, पाच रविवारांचं, चाचांचं. अडखळत, मान खाली घालून सांगितलं. आबांनी ऐकलं. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "सात जणं म्हणलीस न्हाई का?"

"व्हय."

"त्यांची गावं ठावं हायती?"

चार जणांची ठाऊक होती. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्या चार घरी जाऊन आलो. तिघांनी पैसे भरून झाले होते आणि त्यांनी आम्हाला पाणीही विचारलं नाही. एकानं भरले नव्हते, त्यानंही मी खोटं बोलतेय असंच धरलं आणि महिन्याभरात भरले. एडका विकत घेताना सगळं गाव शहाणं असतं, पण भिंतीवर रंगवलेल्या अक्षरांपुढे कुणाचंच काही चालत नाही. गटांचं काम मी सोडलं. त्या हंगामात हळद काढायला गेले, शेजारणीच्या बरोबर, एकाच ओळीत. पुढे काही वर्षांनी गावच्या पोस्टात लागले. टपाल वाटायला मला नकाशा लागत नाही.

त्या सहाव्या रविवारनंतर हप्त्याचा महिना भरला आणि करीमभाईंचा माणूस आला. आबा वाड्यात शिरले, तेव्हा मी त्यांच्या पुढे होऊन ते पांढऱ्या कपाळाचं कोकरू धरलं. महिन्याभरात चांगलं अंगावर आलं होतं. आबा म्हणाले, "हे काहून? हे तर तू वाचवलेलं."

"म्हणूनच," मी म्हणाले.

कोकराचा त्यात काय दोष होता? काही नव्हता. आज मला ते माझं सोंगच वाटतं, स्वतःला शिक्षा केल्याचं समाधान घ्यायला एका मुक्या जनावराला धरून देणं. पण त्या दिवशी मी ते स्वतःच्या हातानं दिलं आणि संध्याकाळी डालगीही मीच उचलली आणि बसून राहिले. सगळं शांत झाल्यावर एक मेंढी ओरडत राहिली. या वेळी माय हप्त्याचं काही बोलली नाही. तिनं माझं ताट तिथेच वाड्यात आणून दिलं, आणि मी उठले नाही.